उरलेले की मुरलेले? : अवशिष्ट प्रतिबल आणि पदार्थाची सममिती

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत पोटमाळा घालायचे ठरले तेव्हा मी आठवीत होतो. १६० चौरस फुटांत सात माणसे. वर सरकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. सुतारमामांनी मधल्या पॅसेजमध्ये, दोन्ही बाजूंच्या दहा-दहा खोल्यांची ये-जा चालू असतानाच, दोन स्टुलांवर एक लांब फळी ठेवली आणि ती मधोमध उभी चिरायला घेतली. करवत हातभर पुढे गेली तशी मागची चीर आपोआप रुंदावू लागली. फळी चिरून संपली तेव्हा हातात दोन सरळ पट्ट्या आल्या नाहीत, एकमेकींकडे पाठ करून वळलेली दोन धनुष्ये आली. फळीवर कोणी बसले नव्हते, काही ठेवलेले नव्हते. मी विचारले, हे कशाने वाकले? "लाकडात ओढ असते," मामा म्हणाले आणि रंधा घेऊन कामाला लागले.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो आणि त्या ओढीचे पुस्तकी नाव कळले: अवशिष्ट प्रतिबल. बाहेरून कोणताही भार नसताना पदार्थाच्या अंगात जे प्रतिबल नांदत असते ते. या विषयावर मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या सिद्धांताची, आणि त्याहून अधिक आपण तो ज्या रीतीने वाचतो त्या रीतीची समीक्षा करण्याचा विचार आहे. गणित मी शब्दांत सांगणार आहे. पण ते टाळणार नाही, कारण सगळी गोम तिथेच आहे.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागेल. 'अवशिष्ट' म्हणजे मागे राहिलेले, शिल्लक. कार्यक्रम उरकला, मंडप उतरला, चार खुर्च्या राहून गेल्या, असा काहीसा भाव त्यात आहे. काही ठिकाणी तो खराही आहे. तापलेली लोखंडी तुळई लाटून बाहेर येते तेव्हा तिच्या पाखांच्या कडा आधी थंड होतात आणि पाख व मधला पडदा जिथे मिळतात तो सांधा शेवटी. उशिरा थंड होणारा भाग आकसू पाहतो, आधीच थंड झालेल्या कडा त्याला आकसू देत नाहीत. परिणामी सांध्यात ताण राहतो आणि कडांत दाब. हे कोणी मुद्दाम केलेले नसते, ते राहून जाते.

पण बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलेला माणूस त्याला 'राहून गेलेले' म्हणणार नाही. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर बसवून वर पाणी ओततात. थंड होताना ती चाकाला आवळते. धाव ताणात, लाकूड दाबात. आणि गाडी उभी असो वा चालती, ही ओढाताण चालूच. ती आहे म्हणून आरे जागेवर राहतात. १९२८ साली फ्रान्समध्ये फ्रेसिने यांनी पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे पेटंट घेतले. तिथेही हेच आहे: तारा ओढून काँक्रीटला आधीच दाबात ठेवायचे. आपल्या शरीरातही आहे. रोहिणीचा, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीचा, एक आखूड तुकडा कापून त्याच्या कड्याला उभा छेद दिला तर कडे उघडून चंद्रकोरीसारखे होते. १९८३च्या सुमारास वाय. सी. फंग यांनी आणि स्वतंत्रपणे वैष्णव व वोसुघी यांनी याकडे लक्ष वेधले. रक्तदाबाने आतल्या थरावर जो जादा ताण यायचा तो या आधीच्या दाबामुळे कमी होतो. मग हे प्रतिबल उरलेले म्हणायचे, की लोणच्यासारखे मुरलेले? परिभाषा आता रूढ झाली आहे, ती बदलावी असे मी म्हणत नाही. मात्र या शब्दामुळे आपण ज्याला शिल्लक समजतो ते पुष्कळदा मुद्दल असते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता पुस्तकांकडे. स्थितिस्थापकतेचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत दोन गृहीतके एका दमात येतात. एक, पदार्थ समदिक् आहे, म्हणजे कोणत्याही दिशेने ओढला तरी सारखाच वागतो. दोन, भार नसताना त्यात प्रतिबल नाही. दुसऱ्या गृहीतकावर मोठी इमारत उभी आहे. १८५९ साली किरखोफ यांनी सिद्ध केलेला एकमेवतेचा नियम सांगतो की भार ठाऊक असतील तर उत्तर एकच, आणि भार शून्य असतील तर प्रतिबलही शून्य. सुतारमामांची फळी या नियमाला पहिल्याच हातभर चिरेत खोटे पाडते. नियम चुकला असे नाही. फळीला 'प्रतिबल नसलेली मूळ अवस्था' कधी नव्हतीच. बियाणे रुजल्यापासून झाड थरावर थर चढवत वाढले, नवा थर जुन्यावर ताणूनच बसला.

पुस्तके हे मान्य करतात, नाही असे नाही. पुढे कुठेतरी एक छोटे प्रकरण असते, प्रारंभिक प्रतिबलांचे. तिथे सांगतात की असे काही आधीचे असेल तर ते वेगळे काढा आणि भारामुळे येणाऱ्या प्रतिबलात मिळवा. म्हणजे दुसरे गृहीतक सोडले, पहिले शाबूत ठेवले. मी स्वतः वर्षानुवर्षे हेच केले. ही दोन गृहीतके एकमेकांत गुंतलेली आहेत, एक सोडले तर दुसरे आपोआप हातचे जाते, हे मला नोकरीत बरीच वर्षे गेल्यावर एका शोधनिबंधातून कळले.

तो निबंध ॲन होगर यांचा, १९८५ सालचा. सममिती असलेल्या स्थितिस्थापक पदार्थात कोणते अवशिष्ट प्रतिबल संभवते, एवढाच त्याचा विषय. युक्तिवादाची काही मुळे कोलमन आणि नोल यांच्या १९६४च्या लेखनात आहेत, पण प्रश्न इतक्या सरळपणे मांडण्याचे श्रेय होगर यांचे.

पहिली पायरी सोपी आहे. भार नसलेल्या वस्तूला मनातल्या मनात आरपार छेद द्या. डाव्या तुकड्याला बाहेरून कोणी ओढत किंवा ढकलत नाही, तरी तो स्थिर आहे. म्हणजे छेदाच्या पृष्ठावर उजवा तुकडा त्याच्यावर जे काही करतो त्याची बेरीज शून्य असली पाहिजे. कुठे ताण असेल तर त्याच छेदात दुसरीकडे तेवढाच दाब. कोणताही छेद घ्या, हेच. त्यामुळे सबंध वस्तूवर अवशिष्ट प्रतिबलाची सरासरी शून्य येते. असे प्रतिबल एकसारखे कधीच असू शकत नाही. असेल तर जागोजाग बदलते असेल, नाहीतर नसेलच.

दुसरी पायरी सममितीची. पदार्थाच्या आतून बेसनाच्या लाडवाएवढा गोळा, त्याच्यावरचा ताण-दाब न सोडता, बाहेर काढला, थोडा फिरवला आणि परत जागेवर ठेवला अशी कल्पना करा. नंतर येऊन कितीही प्रयोग केले तरी गोळा फिरवला होता हे कोणाला ओळखता आले नाही, तर ते फिरवणे त्या पदार्थाच्या सममितीत बसते. समदिक् पदार्थात कसेही फिरवले तरी ओळखू येता कामा नये. आता त्या गोळ्यात पूर्व-पश्चिम ताण आणि उत्तर-दक्षिण दाब असेल तर? पाव वळसा फिरवताच ताण उत्तर-दक्षिण झाला, शेजाऱ्यांशी त्याचे जमेना, चोरी उघड झाली. चोरी उघड न होण्याची सोय एकच: गोळ्यावर सर्व बाजूंनी सारखा दाब, पाण्यात बुडालेल्या गोटीवर असतो तसा. पण सर्व बाजूंनी सारखा असलेला दाब जागोजाग बदलू लागला तर समतोल राहत नाही. म्हणून तो सगळीकडे एकच हवा. आणि वस्तूच्या बाहेरच्या पृष्ठावर तर काहीच दाब नाही. म्हणून तो सगळीकडे शून्य.

निष्कर्ष असा: समदिक् पदार्थात अवशिष्ट प्रतिबल असूच शकत नाही. थोडेसे असेल, नगण्य असेल, असे नव्हे. अजिबात नाही.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे चमत्कारिक वाटले. धावेचे लोखंड तर समदिक् मानतो आपण! मग ती चाकाला आवळते कशी? उत्तर होगर यांच्या मांडणीतच आहे. सममिती विचारायची ती ताणलेल्या अवस्थेतल्या लोखंडाची. लोहाराच्या दुकानात पडलेल्या पट्टीत दिशा नव्हती. चाकावर बसल्यावर परिघाची दिशा आणि आऱ्याची दिशा यांत फरक पडला. दिशा ताणानेच आणली.

लाकडाचा विचार केला तर आणखी मजा येते. लाकूड समदिक् नाही हे सगळ्यांनाच मान्य. तंतूच्या दिशेने, वर्तुळांच्या आडव्या दिशेने आणि वर्तुळांना लागून, अशा तीन काटकोनी दिशा धरून त्याचे नऊ स्थितिस्थापक स्थिरांक देतात. आता समजा फळीतला प्रत्येक तंतू सरळ आहे आणि या तीन दिशा फळीभर त्याच आहेत. लाडवाचा युक्तिवाद लावला तर प्रतिबल फक्त या तीन दिशांनीच ओढू किंवा दाबू शकते, कडेने घासू शकत नाही. मग तंतूच्या दिशेने एक बारीक धागा घ्या. शेजारचे धागे त्याला कडेने घासत नाहीत, म्हणून त्याच्या लांबीभर ताण बदलायला कारणच नाही. धागा फळीच्या टोकाशी संपतो, तिथे ताण शून्य. तेव्हा लांबीभर शून्य. बाकीच्या दोन दिशांचेही तसेच. म्हणजे अशा फळीत ओढ असणे शक्य नाही. धाव मात्र सुटते, कारण तिचा धागा वळून स्वतःलाच मिळतो. त्याला टोकच नाही.

आणि तरी सुतारमामांची फळी वाकली. लांबीच्या दिशेने वाकली, ज्या दिशेच्या धाग्यांना दोन्ही टोके होती.

इथे समीक्षकाने थांबायला हवे. बहुतेक वाचक हे प्रमेय मनाई हुकूम म्हणून वाचतात: इतकी सममिती असेल तर प्रतिबल नाही. मग ते एक तर त्याला किताबी म्हणून बाजूला सारतात, नाहीतर समदिक् मानण्याची सवय आणि हे प्रमेय दोन्ही एकाच कपाटात वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतात. माझ्या मते प्रमेय उलटे वाचावे. फळी वाकली, म्हणजे प्रतिबल होते. प्रतिबल होते, म्हणजे फळीभर तीन काटकोनी दिशांची सममिती नव्हती. निदान टोकांजवळ तरी नव्हती, कारण कडांचा ताण टोकाशी शून्यावर येण्यासाठी धाग्यांनी एकमेकांना घासलेच पाहिजे. ओढ हा सममिती मोडल्याचा पुरावा आहे. नऊ स्थिरांकांचे कोष्टक ही सोय झाली, साक्ष नव्हे.

होगर यांच्यावर माझा आक्षेप आहे तो याच जागी. निबंध काय संभवते ते काटेकोर सांगतो, किती आहे ते सांगत नाही. १९८६ साली त्यांनी हे प्रतिबल ठरवायचे कसे या प्रश्नालाही हात घातला, पण तिथेही सर्व काही गुळगुळीत आणि स्थितिस्थापक असावे लागते. तडा, गंज, ओल, शंभर वर्षांचे सरकणे यांना तिथे जागा नाही. आणि 'अगदी शून्य' व 'जवळजवळ शून्य' यांतला फरक गणिताला मोठा असला तरी कामावरच्या माणसाला तो किती मोठा हे सांगण्याची तसदी या परंपरेने फार उशिरा घेतली. पुढे होगर स्वतः वाढणाऱ्या जिवंत ऊतींकडे वळल्या. रॉड्रिगेझ आणि मॅककलॉक यांच्याबरोबरचा त्यांचा १९९४चा निबंध वाढीतूनच प्रतिबल कसे निर्माण होते ते मांडतो. झाडाची गोष्ट खरी तिथे सुरू होते. मला तो निबंध १९८५च्या निबंधापेक्षा कमी देखणा आणि जास्त उपयोगी वाटतो.

आता यावर अभियंत्याचा बचावही ऐकला पाहिजे. तो म्हणेल, पोलादात ताणामुळे दिशेदिशेत पडणारा फरक इतका बारीक असतो की तो सोडून दिला तर बिघडत नाही. खरे आहे. पोलादातून ध्वनिलहर सोडली आणि त्यावर चांगला दणदणीत ताण दिला तरी लहरीचा वेग हजारात साधारण एका भागाने बदलतो. गंमत म्हणजे याच हजारातल्या एका भागावरून आतले प्रतिबल मोजण्याची विद्या उभी राहिली आहे. पोलादाबाबत बचाव मी मान्य करतो. काँक्रीटबाबत मला तो मान्य नाही, आणि याला कारण निव्वळ तात्त्विक नाही.

बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात १९२० साली निघालेल्या विकास खात्याने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांतल्या १२१ वरळीत, एकेका इमारतीत ८० खोल्या. त्या सळईच्या काँक्रीटच्या आहेत. काँक्रीट दाबाला जेवढे टिकते त्याच्या सुमारे एक दशांश ताणाला टिकते. समुद्राचा खारा वारा आणि पॅसेजची कायमची ओल, यांनी सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. सळईभोवतीचे काँक्रीट त्या वाढत्या गंजाला दाबून धरते आणि स्वतः परिघाच्या दिशेने ताणले जाते. बैलगाडीची धावच, फक्त इथे चाक वाढते आहे आणि धाव काँक्रीटची आहे. छतावर एक माणूस उभा नसला तरी हे चालूच असते. जिथे आवरण सर्वांत पातळ तिथे, म्हणजे सळईच्या खाली, सळईच्या रेषेत, तडा जातो.

काही वर्षांपूर्वी मी एका सल्लागार कंपनीत होतो आणि आमच्याच बाजूच्या एका इमारतीच्या तपासणीचा अहवाल माझ्या हातून गेला. ध्वनिलहरीची चाचणी भारतीय मानक १३३११च्या १९९२च्या पहिल्या भागाप्रमाणे केली होती: सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग आला तर उत्कृष्ट, साडेतीनच्या वर चांगले, तीनच्या वर मध्यम, त्याखाली शंकास्पद. प्रत्येक जागी एका दिशेने एक आकडा. आमच्या आकड्यांतले बरेचसे 'मध्यम'मध्ये बसले. अहवालाच्या तिसऱ्या पानावर मी नेहमीचे वाक्य घातले: काँक्रीट एकजिनसी, समदिक् व प्रारंभी प्रतिबलरहित असल्याचे गृहीत धरले आहे. पूर्वीच्या अहवालातून उचललेले. चाचणी वाईट होती असे मला म्हणायचे नाही. काँक्रीटमध्ये खडी आणि ओलावा यांनीच वेग इतका इकडेतिकडे होतो की आतल्या ताणाने पडणारा फरक त्यात दिसणे कठीण. वाईट होते ते वाक्य. कारण ते लिहिले की मग सरळ रेषेत जाणारा तडा पाहूनही त्या रेषेला काही अर्थ आहे असे मनात येत नाही.

तपासणीच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला छत दाखवले होते. या काकूंनी मला लहानपणी गणपतीचे मोदक दिलेले. केसासारखी बारीक रेघ, भिंतीला समांतर, फूटपट्टीने मारल्यासारखी. मी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले. "गिलावा आहे काकू, रंग काढताना पुट्टी भरून घ्या." त्याच पावसाळ्यात एका दुपारी त्या रेघेच्या बाजूचा पाटाएवढा पापुद्रा शेगडीवर पडला. गिलावा होताच, पण दोन बोटे काँक्रीटही होते आणि मागे सळई लाल झालेली. काकू तेव्हा नळावर होत्या.

समदिक् पदार्थाला आतून तडा जायचा तर तो कुठेही, कसाही जाईल, त्याला रेषा पाळायचे कारण नाही. त्या रेघेने रेषा पाळली होती. प्रमेय उलटे वाचायला मी तोवर शिकलो नव्हतो. होगर यांचा निबंध त्यानंतर हाती आला. तो आधी वाचला असता तर काकूंना काय सांगितले असते? कदाचित हेच, की रेघ सरळ आहे, शेगडी इथून हलवा. हे सांगायला गणित लागत नाही हेही खरे. जुन्या गवंड्याला ते दिसले असते. मला दिसले नाही, कारण माझ्याजवळ ते न दिसण्याची शास्त्रशुद्ध सोय होती.

परिभाषा आणि पाठ्यपुस्तके यांबद्दल मला जे सुचवायचे आहे ते फार नाही. दोन गृहीतके एका वाक्यात लिहू नयेत. 'समदिक् मानले आहे' असे लिहिणाऱ्याने त्याच ओळीत 'म्हणून आतले प्रतिबल शून्य मानले आहे' असेही लिहावे. ते दुसरे वाक्य लिहिताना हात थांबला तर पहिलेही पुन्हा तपासावे. आणि अहवालात तड्यांची लांबी-रुंदी देतात तशी दिशा द्यावी, सळईच्या नकाशावर ठेवून. याला नवे यंत्र लागत नाही.

चाळी आता पडत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. काकूंनाही मिळाली. मी भेटायला गेलो तेव्हा उंचावरच्या वाऱ्याने दार सारखे आपटत होते आणि काकूंनी त्याला जुन्या पोळपाटाची उटी लावली होती. चहा झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेले. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी, जेमतेम दिसणारी चीर निघाली होती.

"ह्यात पण आहे का रे ते तुझं?"

आहे, मी म्हटले. भिंत बाहेरून आधी वाळते, आतून नंतर. बाहेरचा थर आकसायला बघतो, आतला त्याला अडवतो. कोपऱ्याशी ते एकवटते. सळई गंजलेली नाही आणि चीर तिरकी आहे, सळईच्या रेषेत नाही.

"म्हणजे गिलावा."

मी लगेच हो म्हटले नाही. पेन्सिल मागून घेतली, चीर जिथे संपत होती तिथे आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली.